खुंटी, फळी आणि खुंटाळें



इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें किल्ले, लढाया, तहनामे आणि राजांच्या वंशावळी उभ्या राहतात. आजचा माझा विषय त्यांच्या मानानें फारच लहान आहे. भिंतीला बसविलेली एक लांकडी फळी, तिच्यांत ओळीनें ठोकलेल्या पांच-सहा खुंट्या, आणि वरच्या अंगाला डबी-फणी ठेवण्यापुरती एक अरुंद आडवी फळी, एवढाच त्याचा पसारा. ह्या वस्तूला मराठींत खुंटाळें म्हणतात. शहरांतील नव्या बिऱ्हाडांतून हा शब्द जवळजवळ गेला आहे. वस्तु मात्र पुन्हा येऊं लागली आहे, आणि तीहि परदेशी नांव घेऊन. पुण्यामुंबईच्या दुकानांत भोकांची फळी आणि तींत खोंवावयाच्या दांड्या मोठ्या किंमतीला मिळतात, आणि घेणाऱ्यास वाटतें कीं आपण कांहींतरी नवें घरांत आणलें. म्हणून ह्या वस्तूची थोडी कुळकथा सांगावी असें मनांत आलें.

आमच्या बोलण्यांतून खुंटी अजून हललेली नाहीं. अविचारी माणसानें अक्कल खुंटीला टांगलेली असते. आपलीच गोष्ट पक्की करून घेण्यासाठीं आपणच तिच्याविषयीं शंका काढणारा गृहस्थ हलवून खुंटा बळकट करीत असतो. शनिमाहात्म्यांत विक्रमराजावर चोरीचा आळ येतो तो खुंटीमुळेंच. खुंटीवर ठेवलेला हार भिंतीवरच्या चित्रांतला हंस गिळून टाकतो, आणि राजाचे हातपाय तुटतात. घरोघर शनिवारीं ही कथा वाचली जात असे, तेव्हां ऐकणाऱ्यांच्या पाठीमागें भिंतीवर खुंटी असावयाचीच. हार खुंटीवर ठेवणें ह्यांत श्रोत्यांना कांहीं नवल वाटत नसे, नवल हंसाचें.

माझ्या नोकरीचीं कांहीं वर्षें जुन्नर तालुक्याच्या पश्चिम अंगाला गेलीं. तेथें सह्याद्रीच्या अगदीं कडेवर घाटघर हें गांव आहे. एका बाजूस जीवधन किल्ला, त्याला खेटून वानरलिंगीचा सुळका, आणि जवळच कोकणांत उतरणारा नाणेघाट. वस्ती मुख्यतः महादेव कोळ्यांची, शेती भाताची, आणि पाऊस असा कीं चार महिने जमीन म्हणजे पाणी आणि चिखल. अशा गांवीं घरांतील वस्तु जमिनीवर ठेवणें म्हणजे ती ओल, वाळवी आणि उंदीर ह्यांच्या स्वाधीन करणें होय. घाटघरच्या जुन्या घरांत जें कांहीं मोलाचें होतें तें सर्व टांगलेलें असे. खुंटीचा इतिहास मला पुस्तकांतून कळण्याआधीं ह्या घरांनीं शिकविला असें म्हणावयास हरकत नाहीं.

नाणेघाटांतील लेण्याचें नांव आपण ऐकलें असेल. इ. स. १८२८ मध्यें कर्नल साइक्स ह्यांनीं त्याची नोंद केली. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी, ब्यूलर प्रभृति विद्वानांनीं तेथील ब्राह्मी लेख वाचला. सातवाहन राणी नागनिका हिच्या त्या लेखांत यज्ञ किती झाले, गाई किती दिल्या, घोडे, हत्ती, कार्षापण किती दिले, ह्याची मोठी यादी आहे. भिंतीवर राजाराणींच्या मूर्ति होत्या. आतां त्यांचीं पावलेंच काय तीं उरलीं आहेत, आणि वर नांवें. लेण्यांत भिंतींच्या पायथ्याशीं बसावयास दगडी बाक खोदलेले आहेत. घाट चढून आलेला व्यापारी त्या बाकावर टेकला असेल. पण त्यानें आपली पडशी कशाला अडकविली हें लेख सांगत नाहीं. राजाच्या लेखांत दिलेल्या वस्तूंची गणती असते, टांगलेल्या वस्तूंची नसते. ती गणती दुसरीकडे शोधावी लागते.

ती सांपडतेहि. बौद्ध भिक्षूंच्या आचारनियमांचा विनयपिटक नांवाचा जो पालि ग्रंथ आहे, त्याच्या चुल्लवग्गांत राहण्याच्या जागेविषयीं एक प्रकरण आहे. भिक्षु आपल्या थैल्या खाटेच्या खुरांना अडकवीत, त्या उंदीर व वाळवी खात. मग बुद्धांनीं भिंतीत खुंटी ठोकण्यास अनुज्ञा दिली. तेथें दोन शब्द येतात, भित्तिखील आणि नागदंतक. चीवरें खाटेवर टाकल्यानें फाटतात अशी अडचण निघाली, तेव्हां चीवरवंश म्हणजे वस्त्रें टाकावयाचा वेळू, आणि चीवररज्जु म्हणजे दोरी, ह्यांना परवानगी मिळाली. आमच्या घरांतील दांडी ती हीच. ज्या संघानें सर्व संग सोडला त्यालाहि खुंटी सोडतां आली नाहीं! जुन्नरच्या आसपास लेण्याद्री, शिवनेरी, तुळजा, मानमोडी ह्या डोंगरांत दोनशेंहून अधिक कोरीव खोदकामें आहेत, त्यांत भिक्षूंच्या राहण्याच्या लहान लहान खोल्या पुष्कळ आहेत. त्या पाहतांना हा नियम ध्यानांत ठेवावा, म्हणजे त्या रिकाम्या दगडी खोल्यांत माणसें दिसूं लागतात.

नागदंत हा शब्द मोठा मजेचा आहे. त्याचा मूळ अर्थ हत्तीचा सुळा. श्रीमंतांच्या घरीं खुंट्या हस्तिदंताच्या असत, किंवा सुळ्यासारख्या वर वळलेल्या असत, म्हणून कोणत्याहि खुंटीला तेंच नांव पडलें. वात्स्यायनानें रसिक नागरिकाच्या खोलीचें वर्णन केलें आहे, तेथें नागदंताला वीणा टांगलेली आहे. पंचतंत्रांतला संन्यासी तर आपणां सर्वांच्या ओळखीचा. तो दक्षिणेंतल्या महिलारोप्य नगराजवळच्या मठांत राहतो, उरलेलें अन्न भिक्षापात्रांत घालून तें रात्रीं नागदंताला टांगतो, आणि हिरण्यक नांवाचा उंदीर उडी मारून तें फस्त करतो. नागरिकाची वीणा असो कीं संन्याशाची भाकर असो, खुंटी एकच. मला वाटतें, फर्निचर म्हणून आपण जें म्हणतों त्यांत श्रीमंत आणि गरीब ह्यांच्या घरीं सारखी असणारी वस्तु खुंटीखेरीज दुसरी नसावी.

ती कोण करीत असे? जुन्नरच्या लेण्यांतील एका लेखांत वेळूचें काम करणाऱ्यांची आणि कांसारांची, अशा दोन श्रेणींचा उल्लेख आहे. दानाचे पैसे त्यांच्याकडे ठेव म्हणून दिलेले होते. म्हणजे वेळूकाम करणाऱ्यांच्या संघाची पत त्या काळीं पेढीसारखी होती. सुताराचें नांवच पाहिजे असेल तर कार्ल्यास जावें. तेथील चैत्याच्या दर्शनी भागावर धेनुकाकटच्या सामी नांवाच्या वर्धकीनें, म्हणजे सुतारानें, दाराचें काम केल्याचा लेख आहे. तो वेणुवासाचा मुलगा होता असेंहि त्यांत आहे. दगडांत कोरलेल्या त्या चैत्याच्या छताला आंतून खऱ्या लांकडाच्या कमानी बसविलेल्या आहेत, आणि सुमारें दोन हजार वर्षें झालीं तरी त्या जागेवर आहेत. भाज्यासहि तसेंच. लांकूड टिकत नाहीं असें म्हणणाऱ्यानें हीं दोन लेणीं पाहावीं. लांकूड न टिकण्याचें कारण बहुधा पाणी असतें, आणि पाण्यापासून तें दूर ठेवणें हें माणसाचें काम असतें.

आतां घाटघरच्या घराकडे वळूं. जुन्या पद्धतीच्या घराची भिंत कारवीच्या काठ्यांची, वर शेणामातीचा लेप. कारवी सात वर्षांनीं एकदां फुलते आणि मग वाळते. तिच्या सरळ काठ्या कुडाला फार उपयोगी. परंतु अशा कुडाच्या भिंतीत खुंटी ठरत नाहीं. म्हणून तेथें खुंटी असावयाची ती खांबाला, किंवा दोन खांबांमध्यें आडव्या बांधलेल्या लांकडाला. खुंटाळ्याचा जन्म मला येथेंच दिसतो. भिंत दुबळी असेल तर भार खांबांनीं उचलावा, आणि दोन खांबांना जोडणाऱ्या फळीनें खुंट्या वाहाव्या, ही युक्ति कोणा एकानें शोधली असें मानण्याचें कारण नाहीं. ज्यांच्या भिंती काठ्यांच्या होत्या त्या सर्वांना ती सुचली असली पाहिजे.

त्या आडव्या लांकडावर काय काय असे? पावसाळ्यांत इरलें आणि घोंगडी. जोताचे दोर. चुलीच्या वर, धुराच्या वाटेंत, बियाण्यासाठीं राखलेलीं कणसें आणि भोपळ्यांत भरलेलें बीं. धुरानें कीड लागत नाहीं हें त्या घरच्या म्हातारीस पक्कें ठाऊक. दूधदह्याचीं भांडीं शिंक्यांत. दाराजवळच्या खुंटीला कोयता. रानांत जातांना हाच कोयता कमरेच्या पाठीमागें बांधलेल्या लांकडी आकडीत जातो. ही आकडी मला नेहमीं फार आवडली. घर सोडतांना माणूस आपली खुंटीहि बरोबर घेऊन निघाला, असें तिला पाहून वाटे.

सरकारी पुस्तकांनीं मात्र अशा घरांना न्याय दिला नाहीं. इ. स. १८८५ त मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुण्यावरील खंड तीन भागांत निघाला. मोठ्या मेहनतीचा ग्रंथ आहे, आणि मी त्याचा ऋणी आहें. त्यांत एकेका जातीच्या घरांतील भांडींकुंडीं व त्यांची किंमत दिलेली आढळते. पण ती यादी पेट्या, खाटा, तांब्यापितळेचीं भांडीं ह्यांची. जें जमिनीवर उभें राहतें आणि विकतां येतें तें मोजलें गेलें. ज्या घरीं सामान भिंतीवर आणि आढ्याला असतें तें घर ह्या हिशेबांत रिकामें ठरतें. पुढें शाळेच्या पुस्तकांतूनहि तेंच आलें, कीं डोंगरांतल्या लोकांच्या घरीं सामान असें कांहीं नसतें. दारांतून आंत डोकावून, मान वर न करतां लिहिलेलें हें वाक्य आहे असें मी वर्गांत मुलांना सांगत असें.

देशावरच्या वाड्यांत खुंटीला निराळें रूप आलें. शनिवारवाड्याचा पाया इ. स. १७३० त घातला गेला आणि १७३२ त वाडा राहता झाला. त्यानंतरच्या शंभर वर्षांत पुणें, सातारा, वाई, नाशिक ह्या भागांत सरदार-सावकारांनीं जे वाडे बांधले त्यांच्या भिंती हातभर जाडीच्या आणि खांब-तुळया सागवानी. जाड भिंतीला पोटांत जागा पुष्कळ. म्हणून तिच्यांत कोनाडे आले, दिव्याला दिवळी आली, दारें लावलेलीं फडताळें आलीं. खुंटी भिंत बांधतांनाच तिच्यांत घालीत. तिचें शेपूट वीतभर आंत राहावयाचें, मग कितीहि ओढा. १८२८ त शनिवारवाडा जळाला आणि त्याचीं दालनें आपणांस पाहावयास उरलीं नाहींत. पण पुण्याचा विश्रामबाग वाडा आहे, वाईजवळ मेणवलीस नाना फडणिसांचा वाडा आहे. आणि दिनकर गंगाधर केळकरांनीं गोळा केलेल्या घरगुती वस्तूंचें संग्रहालय पुण्यास आहे, तें तर अशा विषयाच्या जिज्ञासूनें अवश्य पाहावें. राजांच्या तरवारी जमविणारे पुष्कळ झाले. अडकित्ते, दिवे आणि दारें जमविण्यास निराळीच दृष्टि लागते.

वाड्यांत खुंट्यांना मानपान असे. पगडीची खुंटी रुंद डोक्याची, नाहींतर पगडीचा आकार मोडतो. उपरण्याची बारीक. सोंवळ्याची दांडी इतकी उंच कीं काठीनेंच वस्त्र चढवावें-उतरवावें, म्हणजे पोराबाळांचा हात लागूं नये. देवघराशेजारीं एक, ओटीवर एक रांग, आणि ओटीवरच्या रांगेत पाहुण्यासाठीं एक खुंटी नेहमीं मोकळी. येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. ह्या सर्व खुंट्या पुरुषांच्या. घरांत नवी आलेली सून आपलें लुगडें घडी करून पेटींत किंवा बोचक्यांत ठेवी. तिच्या नांवाची खुंटी असल्याचें मला जुन्या घरांतून कोणीं दाखविलें नाहीं. दहा माणसांच्या घरांत कोणाची कोठें जागा होती हें ठरवावयाचें असेल तर खुंट्या मोजाव्या. घाटघरच्या खांबावर इरलें बाईचें कीं बुवाचें हा प्रश्न नव्हता. जो पावसांत निघे तो घेई.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला खुंटीनें आणखी एक उपकार करून ठेवला आहे. जुने कागद रुमालांत बांधून ठेवण्याची आपली पद्धत. पुण्याच्या पेशवे दफ्तरांतील कागद आजहि रुमालांच्या हिशेबानें मोजतात. घरोघरच्या कुलकर्ण्यांचीं, देशपांड्यांचीं दप्तरें अशींच फडक्यांत बांधून माळ्यावर किंवा खुंटीला असत. जमिनीपासून वर राहिलीं तीं वांचलीं. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गांवोगांव फिरले आणि १८९८ पासून त्यांनीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड काढले. अशा दप्तरांतूनच त्यांची मोट बांधली गेली. जे कागद ओलीनें गेले, वाळवीनें गेले, त्यांत काय होतें हें कोणी सांगूं शकणार नाहीं. जुन्नरचा कागद एके काळीं प्रसिद्ध होता, चिवट म्हणून; पण वाळवीपुढें त्याचेंहि कांहीं चालत नाहीं.

आतां खुंटाळें करतात कसें, तें थोडक्यांत सांगतों. कारण त्यांत बुद्धि आहे. फळी तीन-साडेतीन फूट लांब, पांच-सहा इंच रुंद, इंचभर जाड. सुतार प्रथम ती रंधून घेतो, गुण्यानें काटकोन पाहतो, मधोमध सुतानें रेघ मारतो आणि सारख्या अंतरावर खुणा करतो. अंतर वीतभर तरी हवें. त्याहून कमी ठेवलें तर एका खुंटीवरचा सदरा दुसरीवर येऊन पडतो. मग सामत्यानें भोकें. येथें सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे भोक सरळ पाडावयाचें नाहीं. सामता किंचित कलता धरून भोकाचें तोंड समोरून वर आणि मागून खालीं राहील असें करावयाचें, म्हणजे खुंटीचें टोंक आकाशाकडे पाहतें. नागदंत हें नांव उगाच पडलेलें नाहीं. हत्तीचा सुळाहि वरच वळलेला असतो. सरळ खुंटीवरून वस्त्र घसरतें. कललेल्या खुंटीवर तें जितकें जड तितकें भिंतीकडे सरकतें.

खुंटीचें लांकूड करवतीनें कापूं नये, वाकसानें रेषेरेषेनें चिरून घ्यावें. करवतीनें कापलेल्या तुकड्यांत लांकडाच्या शिरा मध्येंच तुटतात आणि तेथेंच खुंटी मोडते. चिरलेल्या तुकड्यांत शीर या टोंकापासून त्या टोंकापर्यंत अखंड जाते. शिवाय खुंटी फळीपेक्षां अधिक वाळलेली पाहिजे. कोरडी खुंटी भोकांत ठोकली कीं ती पावसाळ्याच्या हवेंत थोडी फुगते आणि घट्ट होते. ओली ठोकली तर उन्हाळ्यांत आकसून सैल पडते, मग तिला कागदाच्या घड्या घालून बसवावें लागतें. म्हणून जुने सुतार खुंट्यांचे तुकडे चुलीवरच्या माळ्यावर महिना दोन महिने टाकून ठेवीत. मागच्या बाजूनें पाचर मारली कीं काम पुरें. सरस नाहीं, खिळा नाहीं. वरची आडवी फळी दोन त्रिकोणी टेकूंवर बसवितात आणि तिच्या पुढच्या कांठाला बोटभर उंचीची पट्टी मारतात, म्हणजे ठेवलेली वस्तु ढकलली जाऊन खालीं पडत नाहीं. ती पट्टी विसरणारा सुतार घरचा नव्हे, बाजारचा समजावा.

लांकूड कोठलें, हा प्रश्न विचारला म्हणजे आपण घरांतून एकदम राज्यकारभारांत जातों. घाटमाथ्यावर हिरडा, जांभूळ, अंजनी, ऐन हीं झाडें; साग खालच्या, त्या मानानें कोरड्या उतारांवर. अंजनीचें लांकूड कठीण आणि चिवट, खुंटीला उत्तम. फळीला साग मिळाला तर सोनेंच. पूर्वी ज्याला घरापुरतें लांकूड हवें तो रानांत जाऊन आणी. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत, म्हणजे अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत, ह्याविषयीं फार समंजस विचार आहे. आरमारासाठीं सागवानादि मोठीं झाडें लागतील तीं परवानगीनें तोडावीं. पण रयतेच्या आंब्याफणसांना हात लावूं नये, कारण तीं झाडें रयतेनें लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात, आणि एखादें जीर्ण झाड घ्यावयाचेंच तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावें. राज्यकर्त्यानें झाड कोणाचें हा प्रश्न विचारला, हें त्यांतलें मर्म.

पुढच्या राज्यानें तो प्रश्न निराळ्या रीतीनें सोडविला. इ. स. १८७८ चा जंगलकायदा झाला आणि रानांच्या वर्गवाऱ्या झाल्या. राखीव जंगलांत परवानगीवांचून कुऱ्हाड चालविणें गुन्हा ठरला. पुष्कळ ठिकाणीं साग, शिसव, चंदन ह्या झाडांवर खाजगी जमिनींतहि सरकारनें आपला हक्क सांगितला. महात्मा फुल्यांनीं १८८३ त लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या पुस्तकांत जंगलखात्याविरुद्ध जो संताप आहे तो ह्याच काळचा. लोकांची ओरड इतकी झाली कीं मुंबई सरकारला १८८५ त चौकशीसाठीं एक समिति नेमावी लागली. १९२७ त कायदा नव्यानें लिहिला गेला. त्याची मूळ बैठक तीच राहिली. ज्या माणसाच्या आजानें खांबाला अंजनीची खुंटी सहज ठोकली, त्याच्या नातवाला तीच खुंटी करतांना शिपाई कोठें आहे हें पाहावें लागूं लागलें. मी कायद्याच्या विरुद्ध बोलत नाहीं. जंगल राखलें नसतें तर व्यापाऱ्यांच्या कुऱ्हाडीनें सह्याद्री उघडा पडला असता, हेंहि खरें आहे. परंतु आगगाडीच्या रुळांखालचे लांकडी ओंडके आणि घरची खुंटी ह्यांना एकाच मापानें मोजणें, ह्यांत अन्याय होता, आणि तो ज्यांच्यावर झाला त्यांना लिहितां येत नसल्यामुळें तो फारसा नोंदला गेला नाहीं. २००६ त वनहक्कांचा कायदा झाला, त्यांत गौण वनोपजावर आदिवासींचा हक्क मान्य झाला. हिरडा आणि बांबू त्यांत येतात. इमारती लांकूड त्या व्याख्येंत नाहीं.

इकडे शहरांत खुंटीवर दुसऱ्याच बाजूनें गदा आली. पगडी गेली, टोपी आली, पुढें टोपीहि गेली. आणि कपाट आलें. कपाट ह्या शब्दाचा संस्कृतांत अर्थ दाराची फळी असा. अलमारी हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आला. मुंबईस १८९७ त कुलुपांचा धंदा सुरू करणाऱ्या गोदरेज ह्यांनीं १९२३ च्या सुमारास पोलादी कपाटें करण्यास आरंभ केला, आणि पुढील पन्नास वर्षांत तें हिरवट-करडें कपाट मध्यम वर्गाच्या घरांत लग्नाच्या आहेराइतकें आवश्यक होऊन बसलें. खुंटी उघडी असते, कपाटाला किल्ली असते. एकत्र कुटुंबें मोडून जो तो आपापल्या खोलीचें दार लावूं लागला, त्याच काळांत हा बदल झाला, हें मला केवळ योगायोगाचें वाटत नाहीं. पण कपाटानें सुनेला एक कप्पा दिला, जो खुंटीनें तिला दिला नव्हता. हें मान्य केलें पाहिजे.

गंमत अशी कीं ज्या देशांतून आतां ही भोकांची फळी आपल्याकडे येते, तेथेंहि तिचें मूळ धर्मनिष्ठ आणि साध्या राहणीच्या लोकांत आहे. अमेरिकेंत शेकर नांवाचा एक पंथ होता. त्यांची गुरुमाता ॲन ली ही १७७४ त इंग्लंडहून तिकडे गेली. ह्या लोकांच्या खोल्यांतून भिंतीच्या चारी बाजूंनीं, माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर, खुंट्यांची अखंड पट्टी असे. टोप्या, कंदील, झाडू तर तिच्यावर टांगीतच. पण जमीन झाडावयाची वेळ आली कीं खुर्च्यासुद्धां उचलून तिच्यावर अडकवीत. तेहि संसार सोडलेले, ब्रह्मचारी. आमच्या भिक्षूंची आणि त्यांची गांठ कधींच पडली नाहीं, तरी दोघेहि भिंतीवरच्या खुंटीशीं येऊन थांबले. पुढें १९२०–३० च्या दशकांत तेथें विल्यम मेसन ह्यानें लांकडाच्या चुऱ्यापासून दाबून कठीण तक्ते करण्याची कृति काढली, आणि कालांतरानें त्या तक्त्यांना ओळीनें भोकें पाडून कारखान्यांत हत्यारें टांगण्यासाठीं वापरूं लागले. तेथून ते स्वयंपाकघरांत गेले. ज्यूलिया चाइल्ड ह्या प्रसिद्ध पाकशास्त्रनिपुण बाईंच्या घरीं असा तक्ता होता. तिच्या यजमानांनीं प्रत्येक भांड्याच्या आकाराची रेघ त्यावर काढून ठेवली होती, म्हणजे कोणतें भांडें कोठें अडकवावयाचें ह्याची चूक होऊं नये. २००१ त तें सबंध स्वयंपाकघर वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयास मिळालें. एका खुंटीच्या तक्त्याला त्या देशानें संग्रहालयांत जागा दिली, ह्याचें मला कौतुक वाटतें.

जे श्रोते आपल्या घरीं खुंटाळें करवून घेतील त्यांना व्यवहारांतली एक गोष्ट सांगतों. आजच्या चार इंची विटांच्या किंवा पोकळ ठोकळ्यांच्या भिंतीची दशा पुन्हा घाटघरच्या कुडासारखीच झालेली आहे. ती भार धरीत नाहीं. वाड्याच्या हातभर भिंतीत जी एकेकटी खुंटी ठरे, ती येथें ठरणार नाहीं. म्हणून फळी लांब घ्यावी, आणि भिंतीशीं ती चार ठिकाणीं स्क्रूनें जखडावी, शक्य तर तिचीं दोन्ही टोंकें काँक्रीटच्या खांबांवर येतील अशी. म्हणजे भार पुन्हा खांबांनीं उचलला. फळीला सागच पाहिजे असें नाहीं. जुनीं घरें पाडतात तेव्हां वासे, चौकटी, फडताळांचीं दारें वखारींत येऊन पडतात. त्यांतला पन्नास वर्षें वाळलेला साग आजच्या कोणत्याहि नव्या लांकडापेक्षां चांगला, आणि त्यासाठीं नवें झाडहि पडत नाहीं. उंची मात्र घरांतल्या सर्वांत लहान मुलाचा हात पोंचेल एवढी एका खुंटीची तरी ठेवावी.

घाटघरच्या बाजूसहि आतां पक्कीं घरकुलें होत आहेत. १९८५ च्या इंदिरा आवास योजनेपासून आणि २०१६ नंतरच्या नव्या योजनेखालीं डोंगरी भागांत विटा-सिमेंट पोंचलें. पाऊस आंत येत नाहीं ही मोठीच गोष्ट, आणि कुडाच्या घरांत राहून दाखविल्याशिवाय कोणीं त्याबद्दल हळहळूं नये. नकाशांत मात्र खोल्या, दार, खिडकी एवढेंच असतें. इरलें, घोंगडी, बियाण्याचीं कणसें कोठें टांगावयाचीं हें नकाशांत नसतें. अशा एकदोन घरांत मीं पाहिलें, जुन्या घराचा एक वासा तासून, त्यांत अंजनीच्या खुंट्या ठोकून, तो नव्या भिंतीवर आडवा बसविलेला होता. सिमेंटवर धुरानें काळा झालेला तो वासा जरा विजोड दिसे. खुंट्यांचीं टोंकें वर होतीं, आणि कोयता, आकडी, मुलांचीं दप्तरें असें सर्व त्यावर होतें.